घाट चढणारी नाव

या, असे पुढे सरका. खांबाला टेकलात तरी चालेल, पण जवळ बसा. माझा आवाज आता पहिल्यासारखा उरलेला नाही. कीर्तनाला अजून वेळ आहे, बुवांचा फेटा बांधून व्हायचाय आणि पेटीवाला सूर शोधतोय. तेवढ्या वेळात एक हकीकत सांगतो. ती माझ्याच हातून घडली आणि सत्तावीस वर्षं मी ती पोटात ठेवली. आज सांगावीशी वाटते.

कार्तिक संपायला दोन दिवस होते. माझं गॅरेज तेव्हा कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, विनंती थांब्याला लागून होतं. पत्र्याची शेड, मागे एक खोली, आणि खोलीत मी एकटा. बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली होती. दिवसभर लोखंडाशी बोलायचं आणि संध्याकाळी जिथे कुठे कीर्तन असेल तिथे जाऊन पहिल्या रांगेत बसायचं, असं माझं चाललं होतं. बुवा निरूपण करताना सगळ्या सभेकडे बघतात, पण मला वाटायचं की ते माझ्याशीच बोलतायत. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोलायचं.

तर त्या दिवशी दुपारी घाटातून एक जुनी जीपची पिकअप परत उतरत आली. मागे ट्रेलर, ट्रेलरवर नवी कोरी लाकडी नाव. क्लच जळल्याचा वास गाडीच्या आधी पोचला. गाडीतून साठीचा एक माणूस उतरला, डावा पाय ओढत आला आणि पाण्याच्या माठाकडे बघत म्हणाला,

"मिस्त्री, दुसऱ्या वळणावरनं मागं फिरलो. वजन वढतच न्हाई."

"नाव घेऊन घाट चढताय? लोक घाट उतरून समुद्राकडे जातात."

"समुद्राला नावा लई हायत. आमच्या धरणाला एकबी न्हाई." माठातलं पाणी गटागटा पिऊन तो पायरीवर बसला. "केरबा लाड. तीस वरसं धरणावर लाँच चालवली. ती लाँच मोडीत गेली. मग माझी एक होडी होती, ती श्रावणात बुडाली. ही नवी, खाडीवरच्या सुतारानं बांधून दिली."

"आणि एवढी घाई कसली?"

"मोक्षदा एकादशीला नाव पाण्यात पायजे. पलीकडं एक जण वाट बघतंय."

कोण, ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मी गाडीखाली शिरलो. मागचा एक्सल बघितला, बाहेर आलो आणि त्याला समजावून सांगितलं, "नाना, एक्सलमध्ये दोन गिअर एकमेकांत बसलेले असतात. लहान तो पिनियन, मोठा तो क्राउन. तुमच्या गाडीत पिनियनला अकरा दाते आहेत, क्राउनला सत्तेचाळीस. मधला शाफ्ट चारवर थोडा फिरला की चाक एकदा फिरतं. त्याऐवजी आठ आणि त्रेचाळीसची जोडी टाकली, तर शाफ्ट पाचवर फिरेल तेव्हा चाक एकदा. गाडी सपाटीला धावणार नाही, पण चढाला ओढेल."

केरबानाना हसले. "आमच्या लाँचला पाण्यातला पंखा बदलायचो, त्यातलंच हे. कमी पिळाचा पंखा लावला की पळत न्हाई, पण भरलेली नाव वढते. टाका मिस्त्री. हळू झाली तर होऊ द्या. मागं सरता कामा नये, एवढंच बघा."

जोडीसाठी मी कोल्हापूरच्या भंगार बाजारात गेलो. मागच्या एक्सलची जोडी मिळाली, चांगली मिळाली. पुढच्या एक्सलची मिळाली नाही. दुकानदार म्हणाला, पंधरा दिवस लागतील. आता हे नीट ऐका, कारण सगळं ह्याच्यावरच आहे. ती गाडी चारही चाकांना जोर देणारी होती. एरवी मागच्या दोन चाकांवर चालायची, आणि चिखलात किंवा खडीत अडकली की सीटजवळचा एक लहान दांडा ओढून पुढची चाकंही लावता यायची. मागची जोडी बदलली आणि पुढची जुनीच राहिली, तर पुढची चाकं जास्त धावणार आणि मागची कमी. दोघांची ओढाताण मधल्या गिअरपेटीत होणार आणि काहीतरी तुटणार. म्हणून अशा वेळी पुढच्या एक्सलकडे जाणारा शाफ्ट काढूनच ठेवायचा असतो. मग दांडा चुकून ओढला तरी काही होत नाही. आठ बोल्ट असतात. अर्ध्या तासाचं काम.

नवी जोडी बसवली. बसवताना दात्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावतात, माहीत आहे? गिअर हाताने फिरवला की दाते जिथे एकमेकांना टेकतात तिथला शेंदूर पुसला जातो. पुसलेला डाग दात्याच्या मधोमध आला पाहिजे. टोकाला आला तर पुन्हा सगळं उघडायचं आणि मागे पातळ पत्र्याची चकती घालायची. मी तीन वेळा उघडलं. शेंदूर मी वेशीवरच्या मारुतीच्या गुरवाकडून आणायचो. केरबानाना ते बघून म्हणाले, "मारुतीलाच लावलंत की नावंला. आता चढतीय."

नवी जोडी आधी रिकामी पळवावी लागते. वीस किलोमीटर हळू जायचं, थांबायचं, एक्सल निवू द्यायचा, मग पुढे. दोन दिवस आम्ही दोघं तसे फिरलो. चिपळूणच्या रस्त्याला जायचं आणि परत यायचं. दर थांब्यावर नाना एक्सलवर तळहात ठेवायचे, ताप बघितल्यासारखा.

"मिस्त्री, तुमाला कीर्तनाचा नाद हाय म्हणं."

"आहे. कोणी सांगितलं?"

"चहावाल्यानं. म्हणाला, गाडी संध्याकाळच्या आत घ्या, न्हाईतर मिस्त्री पाना टाकून पळतो."

"बरोबर सांगितलं."

"कुठलं आवडतं? वारकरी का नारदीय?"

"दोन्ही. पण नारदीय आता कुठे राहिलंय नाना? एकटा बुवा उभा राहतो, पूर्वरंगात निरूपण, मग मध्यंतर, मग उत्तररंगात आख्यान. तसं ऐकून मला दहा वर्षं झाली."

नाना माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी सांगणार होते. मग एक्सलवरचा हात उचलून म्हणाले, "निवला. चला."

दशमीला संध्याकाळी शेवटचं काम उरलं होतं. एक्सलमधलं तेल बदलायचं आणि पुढचा शाफ्ट काढायचा. तेल बदललं. गावात सप्ताह चालू होता. त्या दिवशीचे बुवा आळंदीहून आलेले, आणि त्यांचं कीर्तन मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं. पाना हातात घेऊन मी गाडीखाली सरकलो आणि देवळावरच्या कर्ण्यातून पखवाजाचा पहिला बोल आला.

मी पाना खाली ठेवला. हात धुतले.

नाना पायरीवर बसले होते. त्यांना म्हटलं, "गाडी तयार आहे. सकाळी उजाडलं की निघा. एकच लक्षात ठेवा, पुढच्या चाकांचा दांडा ओढायचा नाही. काय वाटेल ते झालं तरी नाही."

"न्हाई वढत," नाना म्हणाले. आणि मी टोपी घालून देवळाकडे पळालो. पहिल्या रांगेत जागा मिळाली. कीर्तन फार सुंदर झालं. खोटं कशाला सांगू, शाफ्टची आठवण मला एकदाही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी, एकादशीला, अकराच्या सुमाराला घाटातून उतरणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरने खिडकीतून डोकं काढलं. "ओ मिस्त्री! तुमची नाव अडकली वरती! अर्ध्या घाटाच्या वर, नव्या खडीवर!"

वर जाणाऱ्या एका ट्रकमध्ये बसून मी पोचलो. रस्त्याचं काम चालू होतं आणि वळणावर खडी सुटी पडली होती. पिकअप डोंगराच्या कडेला उभी, चारही चाकांमागे धोंडे लावलेले. खाली तेलाचं थारोळं. पुढचा शाफ्ट मधून निखळला होता आणि फिरता फिरता त्याने गिअरपेटी फोडली होती. नाव ट्रेलरवर होती तशीच. केरबानाना कठड्यावर बसले होते.

"माझीच चूक झाली बघा," मी काही बोलायच्या आत ते म्हणाले. "झकास चढत हुती. म्हशीसारखी, न थांबता. हितं खडीवर मागची चाकं जाग्यावर फिराय लागली, गाडी मागं सरकाय लागली, आन माझा हात आपसूक दांड्यावर गेला. तुमी सांगितलं हुतं. तरी गेला."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी गाडीखाली शिरून उगाच शाफ्ट हलवून बघितला, बाहेर आलो आणि म्हणालो, "होतं असं नाना. सवयीचा हात असतो." त्यांनी आपल्या डोक्यावर घेतलेली चूक मी तिथेच राहू दिली.

"किती दिवस लागतील?"

"पेटी उतरवावी लागेल. आठ दिवस तरी."

नानांनी मान हलवली. मग त्यांनी मला सगळं सांगितलं.

धरणाच्या पलीकडच्या काठाला करंजवड नावाची वाडी होती. माणसं कधीच उठून दुसरीकडे वसली होती. नानाही त्यातलेच. एकटे अनंतबुवा तिथे राहिले, कारण देवळातला देव हलवलेला नव्हता. अनंतबुवा नारदीय कीर्तनकार. वाडी भरलेली होती तेव्हा दर एकादशीला त्यांचं कीर्तन व्हायचं, आणि वाडी उठली तरी त्यांनी ते थांबवलं नाही. केरबानाना दर एकादशीला होडीने पलीकडे जायचे, समोर बसायचे. सगळ्या सभेत श्रोता एक.

"श्रावणात होडी बुडाली. पाण्यानं जाता येत न्हाई आन रानातनं चालत साडेतीन तासांची वाट. ह्या पायानं मला जमत न्हाई. एक धनगर हाय, पंधरवड्याला त्यांना तांदूळ पोचवतो. त्यो एका एकादशीला म्हशी घेऊन देवळावरनं चालला हुता. त्यानं सांगितलं, म्हातारा उभा ऱ्हातो, गातो, सांगतो, आन मधीच थांबतो. चिपळ्या खाली ठेवतो. दाराकडं बघत बसतो. मग दिवा सारखा करून आत जातो."

"का?"

"तुमी इचारताय? कीर्तनातले तुमी." नाना माझ्यावर पहिल्यांदाच जरा चिडले. "मध्यंतराला काय करत्यात?"

आणि माझ्या लक्षात आलं. पूर्वरंग संपला की श्रोत्यांपैकी कुणीतरी उठून बुवांना बुक्का लावतं, गळ्यात हार घालतं. मगच बुवा उत्तररंग लावतात. हार स्वतःचा स्वतः घालायचा नसतो.

"बुवांच्या गुरूंचा नेम हाय," नाना म्हणाले. "श्रोत्याचा हार पडल्याबिगर आख्यान लावायचं न्हाई. म्हंजे चार महिनं झालं, आठ एकादश्या, त्यांच्या तोंडनं आख्यान गेलं न्हाई. धनगराला सांगितलं असतं हार घाल म्हणून, पर त्यो कवा कुठं असंल नेम न्हाई. ब्याऐंशी वरसांचं वय. मी निरोप धाडला, मोक्षदेला नाव घेऊन येतो, वाडीतली धा-बारा माणसं घेऊन येतो. सभा भरवतो म्हणलं."

त्यांनी गाडीच्या केबिनमधून ओल्या फडक्यात गुंडाळलेला हार काढला. झेंडू आणि तुळस. बरोबर बुक्क्याची पुडी.

"तुमी जा, मिस्त्री."

"मी? नाना, तुम्ही..."

"मी चालू शकत न्हाई. नाव टाकून जाऊ शकत न्हाई. तुमच्या पायांत जोर हाय आन तुमाला कीर्तन कळतं. साडेतीन तासांत पोचाल. दिवेलागणीला उभं ऱ्हातात ते."

"नाना..." मी परत सुरुवात केली. सांगायचं होतं ते ओठांवर आलं होतं. त्यांनी हार माझ्या हातात दिला.

"उशीर करू नगा."

नानांनी दाखवलेल्या पायवाटेने मी रानात शिरलो. मागे वळून बघितलं तेव्हा रस्त्याच्या कडेला ती नाव दिसली, नाक वर केलेली, आणि तिच्या सावलीला बसलेला माणूस.

करंजवडला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. घरांचे चौथरे, त्यांवर घाणेरी वाढलेली, आणि मधे एक कौलारू देऊळ, सारवलेलं, स्वच्छ. अनंतबुवा दारात उभे होते. उंच, वाळलेले, धोतर-उपरणं पांढरं शुभ्र. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग रानाच्या वाटेने आलेल्या माझ्याकडे.

"केरबा कुठाय?"

"घाटात आहेत. गाडी मोडली, नाव ट्रेलरवर आहे. नावेपाशी बसलेत. मला पाठवलंय."

"जेवला का तो?"

"एकादशी आहे, बुवा."

"हो की. मग पाणी तरी प्यायला असेल." "तुम्ही कोण?"

"गंगाराम शिगवण. मिस्त्री आहे. त्यांची गाडी मीच..." पुढचा शब्द निघाला नाही. बुवांनी तो मागितलाही नाही.

समईपुढे ते उभे राहिले. पेटी नाही, तबला नाही, हातात चिपळ्या तेवढ्या. मी समोर मांडी घालून बसलो. सगळ्या मंडपात मी एकटा. बुवांनी खाली वाकून श्रोत्यांना नमस्कार केला, शंभर माणसांना करतात तसा, उजवीकडे, डावीकडे आणि मधे. मग नमन लावलं. आवाज थकलेला होता, पण सुरात होता. निरूपणात एका जागी ते हसले, आणि मीही हसलो. माझं हसणं एकटंच त्या मंडपात फिरून आलं. पूर्वरंग संपला. ते थांबले, चिपळ्या खाली ठेवल्या, आणि दाराकडे बघायला वळले. सवयीने.

मी उठलो. बुक्का लावला, हार घातला, पायांवर डोकं ठेवलं. त्यांचा हात माझ्या पाठीवर आला.

"आज लावायचं म्हणून चार महिने एक आख्यान मनात धरलं होतं," बुवा म्हणाले. "ते राहू द्या. आज दुसरं लावतो. मी ते आजवर कधी लावलेलं नाही, तेव्हा चुकलो तर सांभाळून घ्या."

त्यांनी एका बाईचं आख्यान सांगितलं. कुठल्याशा गावात कीर्तनाला सभा भरायची, आणि ही बाई सभेला पाणी आणायची. नमन व्हायचं, निरूपणाला सुरुवात व्हायची, की कुणीतरी म्हणायचं, माई, पाणी. ती घागर घेऊन विहिरीवर जायची. विहीर लांब. परत यायची तेव्हा आरती चाललेली असायची. असं चाळीस वर्षं. तिला प्रत्येक कथेची सुरुवात पाठ होती. पुढचं एकाही कथेचं ठाऊक नव्हतं. लोक पाणी प्यायचे आणि आख्यान ऐकून डोळे पुसायचे.

पुढचं आत्ता सांगत नाही. बुवा गात होते, सांगत होते, बाईचा आवाज काढत होते, राहाटाचा करकर आवाज काढत होते. माझे डोळे वाहत होते, आणि मला दिसत होता तो घाटातला कठडा. इतकं सुंदर कीर्तन मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. आणि ते माझं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बुवांच्या हातचं पारणं करून मी परतलो. नानांनी कुणाचा तरी ट्रक थांबवून पिकअप आणि नाव माझ्या दारात ओढून आणली होती. मला बघताच पायरीवरून उठले.

"हार घातला?"

"घातला."

"आख्यान लावलं?"

"लावलं, नाना. त्यांनी तुमच्यासाठी..."

"थांबा." त्यांनी दोन्ही हात वर केले. चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. "सांगू नगा. आठ दिसांत नाव वर जाईल. मी त्यांच्याच तोंडनं ऐकंन. तुमी सांगितलं तर मजा जाईल."

मी आठ दिवसांचं काम सहा दिवसांत केलं. त्या आठवड्यात कुठेही कीर्तनाला गेलो नाही. गिअरपेटी बसवली. आणि पुढचा शाफ्ट काढून गॅरेजच्या भिंतीला उभा करून ठेवला. नानांनी तो बघितला.

सातव्या दिवशी गाडी घाट चढली. मी शेजारी बसलो होतो. दुसऱ्या गिअरमध्ये, एका लयीत, एकदाही न अडखळता. खडीच्या वळणावर नानांनी फक्त श्वास रोखला. दुपारी धरणाच्या काठावर पोचलो. वाडीतून उठलेली सातआठ माणसं तिथे जमली होती, बायका होत्या, कुणी नारळ आणला होता. आणि एका बाजूला तो धनगर उभा होता, घोंगडी खांद्यावर, मुंडासं हातात घेऊन.

त्याने नानांना बाजूला नेलं नाही. तिथेच सांगितलं. "परवा सकाळी. देवळातच. भिंतीला टेकून बसल्यागत हुते. मी आन माझ्या भावानं मिळून सगळं केलं."

ज्याने नारळ आणला होता, त्याने तो पिशवीत परत ठेवायला घेतला. नाना म्हणाले, "ठेवू नगं. फोड. नाव नवी हाय."

नाव पाण्यात उतरली. सगळे पलीकडे गेलो. माणसं देवळात जाऊन आली, चौथऱ्यांमधून आपापलं घर शोधत हिंडली. बायका आपल्या चुलीच्या जागा एकमेकींना दाखवत होत्या. नाना देवळात जाऊन त्यांच्या नेहमीच्या जागी बसले, पाय लांब करून. मी दाराशी उभा होतो.

"या मिस्त्री. सांगा आता. त्यांनी कुठलं लावलं हुतं?"

मी आत गेलो. बसलो नाही. "आधी दुसरं सांगतो. नाना, घाटात गाडी मोडली ती तुमच्या चुकीने नाही. पुढचा शाफ्ट मी काढायला हवा होता. आठ बोल्ट होते. पाना हातात होता. देवळात पखवाज वाजला आणि मी टाकून गेलो."

"ठावं हाय मला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तीस वरसं लाँचचं इंजीन सांभाळलंय मिस्त्री. एक जोडी बदलली आन एक न्हाई, म्हंजे काय हुतं ते मला कळत न्हाई व्हय? त्या दिवशी पहाटे निघताना वाकून बघितलं. शाफ्ट जाग्यावर. म्हणलं, मिस्त्रींनी तीनतीनदा उघडून जोडी बसवली, माणूस चोख हाय. ठेवलाय तर कायतरी इचार करूनच ठेवला असंल."

"मग वर, कठड्यावर बसलेलात तेव्हा..."

"तवा कळलं. तुमी गाडीखालनं बाहेर आलात ना, तुमचं तोंड बघून कळलं."

"आणि तरी मला पाठवलंत? तुमच्या जागी?"

नाना समईकडे बघत होते. समई विझलेली होती. "लई राग आला हुता. वाटलं, ह्याला तोंडावर बोलावं. मग म्हणलं, हा माणूस पखवाज ऐकून हातातलं काम टाकून पळतो. बुवांनी चार महिनं दाराकडं बघितलं. त्यांच्यापुढं बसायला ह्याच्यापरीस येडा श्रोता मला घाटात दुसरा कोण घावणार हुता?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. बाहेर नावेपाशी माणसं बोलत होती. मग नाना म्हणाले,

"बसून काय सांगता? उभं ऱ्हाऊन सांगा. तसंच सांगत्यात ते."

मी उभा राहिलो. मला गाता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. अंगावर तेलाचे डाग पडलेले कपडे. पण जसं ऐकलं होतं तसं सांगायला लागलो. सभा भरते, कुणीतरी म्हणतं माई, पाणी, ती घागर उचलते. नाना गुडघ्यावर ताल धरून होते. चाळीस वर्षं होतात. बाई म्हातारी होते, आणि एका संध्याकाळी घागर भरून वर घेताना तिचा हात थकतो. ती काठावर बसते. लांबून कीर्तनाचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. ती म्हणते, देवा, आज तरी एका गोष्टीचं पुढे काय झालं एवढं कळू दे. तेव्हा विहिरीच्या दुसऱ्या काठावर कुणीतरी येऊन बसतं. म्हणतं, माई, आधी पाणी दे, फार लांबून आलोय. ती ओंजळीत पाणी घालते. तो पितो, तोंड पुसतो आणि म्हणतो, बोल, कुठल्या कथेपासून सुरू करू?

माझा आवाज तिथे फुटला. बुवांचा फुटला नव्हता. ते पुढे गात गेले होते. मला पुढे गाता येईना.

नानांनी ताल थांबवला. "मग? सगळ्या सांगितल्या त्यानं?"

"सगळ्या. उजाडेपर्यंत."

"आन बाईला कळलं? शेवटपर्यंत?"

"कळलं, नाना."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि उपरण्याने तोंड झाकून कितीतरी वेळ बसून राहिले.

पुढे अकरा वर्षं केरबानानांनी ती नाव चालवली. एकादशीला ते पलीकडे जायचे, देऊळ झाडायचे, समई लावायचे. मला जमेल तेव्हा मीही जायचो. कीर्तन करायला कोणी नव्हतं. आम्ही दोघं नुसते बसायचो आणि दिवा तेवायला लागला की परत फिरायचो. एका माघात ते गेले, झोपेतच. त्यांना मुलंबाळं नव्हती. त्यांच्या नावाचा दिवा लावणारा आता मी एकटा उरलोय, आणि माझंही वय तुम्ही बघताय.

तो बघा, बुवांनी चिपळ्या उचलल्या. नीट ऐका आज. आणि मध्यंतराला बुवांच्या गळ्यात हार पडेल तेव्हा क्षणभर मनात केरबा लाडांचं नाव घ्या. कुंभार्ली घाटात, दुसऱ्याला कीर्तनाला पाठवून, नावेपाशी बसून राहिले होते ते.